पंडितच्या नावाची मूठ

चक्कीवाल्यानं बोरसे भाऊकीला शुक्रवारी दुपारी बाराची वेळ दिली होती. तेव्हा खुनाची माफी जी काय व्हायची ती बाराच्या आत व्हायला हवी होती.

श्रावणातल्या रविवारी घरोघर बसणारी खानदेशची कानबाई देवी जवळ आली की धुळ्यात देवपूरच्या गल्ल्यांतल्या चक्क्या धुऊन पुसून स्वच्छ होतात. दारावर ‘फक्त कानबाईचे दळण’ अशी पाटी लागते आणि ज्या भाऊकीनं आधी सांगून ठेवलं तिचा गहू आधी पडतो. बोरशांच्या मागे एका सोनार भाऊकीचा नंबर होता. ते लोक साडेअकरापासूनच डबे घेऊन चक्कीसमोर उभे राहतात, आणि त्यांच्या पुढच्या नंबरचा पाच मिनिटं जरी उशिरा आला तरी त्याला हसून ‘राहू द्या, आमचं होऊ द्या’ म्हणतात, असा गेल्या वर्षीचा अनुभव होता.

रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू काढायची बोरशांची रीत साधी होती. भाऊकीत जितके पुरुष जिवंत, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. ऐंशीचा म्हातारा असो की पाळण्यातलं बाळ, मूठ सारखीच. त्या गव्हाचे रोट भाऊकीनंच खायचे, बाहेरच्याच्या तोंडी तुकडाही जाता कामा नये. अमका माणूस आपला आहे की नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा बोरशांकडे दुसरा नव्हता. रेशनकार्डावर तर दोन मेलेले अजून साखर उचलत होते.

यंदाचा प्रश्न पंडितचा होता. सोळा वर्षांपूर्वी नरडाण्याजवळच्या मळ्यात, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची यावरून, त्यानं आपला चुलतभाऊ धनसिंग याला पहारीनं मारलं होतं. जन्मठेप झाली. शिक्षेत मिळालेली सूट वजा जाऊन यंदाच्या जूनमध्ये तो नाशिकरोडच्या तुरुंगातून परत आला. दीड महिना तो मळ्यातल्या खोलीत राहत होता आणि भाऊकीनं त्या दीड महिन्यात त्याच्याविषयी बोलणं सोडून दुसरं फारसं काही केलं नव्हतं. त्याच्याशी मात्र कोणी बोललं नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता भाऊकीत थोरल्या चुडामण आबांनी देवपूरच्या घरी आपलं निवेदन तिसऱ्यांदा वाचून पाहिलं.

‘सन २००९ मध्ये आपल्या परिवारात जो दुर्दैवी प्रसंग घडला, त्याबाबत संबंधितांनी योग्य ते प्रायश्चित्त भोगले असून परिवाराच्या वतीने त्यांना उदार अंतःकरणाने क्षमा करण्यात येत आहे.’

आबा शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी आयुष्यभर लिहिलेल्या अहवालांत शाळांची छपरं उडालेली असत, पोषण आहार कमी भरलेला असे, फळा चोरीस गेलेला असे. उडवणारा, मारणारा, चोरणारा कोणी नसे. ही शैली त्यांना निवृत्तिवेतनापर्यंत सुखरूप घेऊन आली होती.

सोफ्यावर मुरमुरे खात बसलेल्या चिंधानं कान टवकारून ऐकलं. चिंधा आबांचा पुतण्या, एस्टीतला निवृत्त ड्रायव्हर, बोलणार ते अहिराणीतच. तोंड आवरण्याची सवय त्याला नोकरीत लागली नाही, पुढे लागण्याची शक्यता नव्हती.

“आबा, यामा मारनारा कोन शे?”

“म्हणजे?”

“प्रसंग घडना, प्रायश्चित्त व्हयनं, क्षमा बी व्हई जाई. बठ्ठं आपोआप. आमना डेपोमा अपघातना रिपोर्ट असाच ऱ्हाये. झाड ईसन गाडीले धडकनं.”

“अशा वेळी शब्द जपून वापरावे लागतात, चिंधा.”

“मंग खून हाऊ शब्द कोनाकरता जपी ठेयेल शे?”

आबांनी कागद पुन्हा वाचायला घेतला. त्यांना पुढच्या महिन्यात ऐंशीवं लागत होतं. भाऊकी सत्कार करणार हे ठरलेलं होतं, कारण ते त्यांनीच ठरवलं होतं. मानपत्रात ‘परिवार एकसंध ठेवला’ हे वाक्य असावं एवढीच त्यांची इच्छा होती. अडचण इतकीच की सोळा वर्षांत या परिवारातल्या प्रत्येक लग्नात धनसिंगच्या घरची पंगत आधी आणि पंडितच्या घरची नंतर बसत आली होती, आणि वाढपी मुलंसुद्धा कोणत्या पंगतीला जिलेबी संपली म्हणायचं हे ओळखून होती.

*

यशोदाबाई मागच्या खोलीत बसल्या होत्या. धनसिंगची बायको म्हणून सोळा वर्षं सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत आले होते. एवढ्या हळू की महत्त्वाचं असं काही त्यांच्या कानावर येतच नसे. आजही पहाटे जळगावहून निघताना त्यांना फक्त ‘कानबाईचं दळण आहे’ एवढंच सांगितलं होतं. माफीचं त्यांना पारोळ्याच्या चहाच्या टपरीवर कळलं, तेही मुलगा फोनवर मोठ्यानं बोलला म्हणून.

त्यांची भीती मोठी नव्हती. पंडित समोर येईल याची नव्हती. आपण तोंड उघडायच्या आत आपली माफी वाचून होईल आणि मग उरलेलं आयुष्य ती निस्तरत बसावी लागेल, ही होती.

“आई, राग धरून ठेवला की त्रास धरणाऱ्यालाच होतो,” नीलेश म्हणाला.

नीलेशचं जळगावात ठिबक सिंचनाचं दुकान होतं. मे महिन्यात तो नाशिकला एका रिसॉर्टमध्ये तीन दिवसांचं ‘मुक्त मन’ शिबिर करून आला होता, आणि तेव्हापासून घरात अशी छापील वाक्यं येत होती.

“मला काही त्रास नाही,” यशोदाबाई म्हणाल्या.

“तो दिसत नाही. आतून होतो.”

“आतून तपासलंय मी. तुझ्या बायकोनंच तपासलं. शुगर नॉर्मल आहे.”

“आई, हे शुगरचं नाही. आम्हाला शिबिरात डोळे मिटायला लावले. ज्यानं सगळ्यात जास्त दुखावलं त्याला मनातल्या मनात मिठी मारायची होती.”

“मारलीस?”

“मारली.”

“रडलास?”

“सगळेच रडले.”

“मग भागलं की. मनातल्या मनात झालं ते बरं झालं.”

“भागलं नाही ना आई,” त्याची बायको कामिनी बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. “खरोखरची मिठी मारून व्हिडिओ शिबिराच्या ग्रुपवर टाकायचाय. सरांनी सांगितलंय.”

“कामिनी! तो अनुभव म्हणून शेअर करायचाय.”

“तेच म्हणतेय मी. फोन उभा धरू की आडवा?”

नीलेश चिडून बाहेर गेला. तो अगदीच पोकळ होता असं नाही. बाप मेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, शिरपूरला कॉलेजात. त्या दिवसापासून आजवर त्याची ओळख करून देताना माणसं आवाज खाली आणायची आणि म्हणायची, हा तो, ज्याच्या वडलांना. पुढचं क्रियापद कोणी उच्चारत नसे. सासरच्यांनीही मुलगी देताना आधी तेच विचारलं होतं. कोणाला तरी माफ करून हे अर्धवट वाक्य एकदाचं पुसता येईल, एवढाच त्याचा हिशेब होता. ते पुसलं जाण्यासाठी आईच्या ‘हो’ची गरज होती, हे त्याला शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

“तुला काय वाटतं?” यशोदाबाईंनी सुनेला विचारलं.

“मला काय वाटायचं? मी तर त्यांना पाहिलेलंही नाही.”

“सांग तरी.”

“तुम्हाला कोणी विचारलं का, आई? म्हणजे, माफ करता का, असं?”

यशोदाबाईंनी थोडा विचार केला. “आबांनी दोनदा फोन केला. एकदा म्हणाले, दैवापुढे कोणाचं चालत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, येताना जळगावचे कोरडे बोंबील नको, श्रावण आहे.”

“म्हणजे नाहीच विचारलं.”

“नाहीच.”

*

हॉलमध्ये चादरीवर निवडलेला गहू पसरला होता आणि भाऊकीतले पुरुष भिंतीकडेला बसले होते. गव्हाच्या एका बाजूला लताबाई बसल्या, समोर पितळी परात. दुसऱ्या बाजूला यशोदाबाई.

लताबाई पंडितची बायको. आक्का, म्हणजे आबांची बायको, वारल्या तेव्हापासून या घरची मूठ लताबाईच टाकत आणि रोटाची कणीक यशोदाबाईच मळत. खुनानंतरही दोघींपैकी एकीनंही हे काम सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर दुसरीचं आहे असं झालं असतं. सोळा वर्षं त्या एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मीठ लागलं तर हात पुढे व्हायचा, मिठाचा डबा सरकायचा. पाहुण्या बायकांना वाटायचं, काय एकजीव जावा आहेत, बोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

नावं लताबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटत. त्याबद्दल कधी कोणाला काही वाटलं नव्हतं.

आबांनी खाकरून निवेदन वाचलं. ‘उदार अंतःकरणाने’ला त्यांचा आवाज थोडा कापला, जिथे तो कापेल असं त्यांनी ठरवलं होतं. पंडित बाहेर जिन्याजवळ, चपलांच्या रांगेशेजारी बसला होता. माफी होईपर्यंत त्यानं आत येऊ नये आणि माफी होताच लगेच यावं, अशी ती जागा निवडलेली होती.

“तर,” आबा म्हणाले, “यंदा आपल्या भाऊकीच्या मुठी एकोणीस. लता, घे सुरुवात करून. अकरा वीस झाले.”

“आबा,” कामिनी म्हणाली, “गेल्या वर्षी किती होत्या?”

“अठरा.”

“मग यंदा वीस ना?”

“एकोणीस.”

“अठरा. आमचा रुद्रांश झाला, एकोणीस. पंडितकाका परत आले, वीस.” कामिनी जळगावात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून तिला एकच खोड लागली होती, दोन दिसत असताना तिला एक म्हणता येत नसे. “वर्षभरात कोणी वारलं का?”

“मी तं शे,” चिंधा म्हणाला.

“तान्ह्या बाळाची मूठ पहिल्या वर्षी धरत नाहीत,” आबा म्हणाले.

“आबा, तुमना नातूनी तं बाराव्या दिवशी धरी व्हती. मीच गहू चक्कीवर लई गयथू.”

आबांनी निवेदनाच्या कागदाची घडी घातली. मग उघडली. लताबाईंचा हात गव्हावर तसाच थांबला होता.

“अठरात ते होतेच,” त्या खाली बघत म्हणाल्या.

नीलेशनं दारापलीकडे, चपलांच्या रांगेकडे पाहिलं.

“कोण होते?” नीलेशनं विचारलं. समजलेलं होतं, तरी विचारलं.

“हे. यांची मूठ मी टाकत होते.”

“कधीपासून?” हा प्रश्न यशोदाबाईंचा होता. सोळा वर्षांनी त्यांनी जावेला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

“पहिल्या श्रावणापासून.”

“ते जेलात असताना.”

“जेलात होते. मेले नव्हते.” लताबाईंनी आता वर पाहिलं. “मूठ थांबवली म्हणजे माणूस गेला असं होतं. मी माझ्या हातानं माझं कुंकू पुसू?”

यशोदाबाई परातीकडे पाहत होत्या. तो पहिला श्रावण म्हणजे धनसिंगला जाऊन चार महिने झाले होते. त्या वर्षी त्यांचे हात कणकेत होते आणि सगळ्या बायका म्हणत होत्या, बघा, एवढं झालं तरी देवीचं सोडलं नाही. त्यांनी पंडितच्या नावाचा गहू मळला होता. थापला होता, भाजला होता. घशाखाली उतरत नव्हता म्हणून पाण्याबरोबर गिळला होता, आणि नीलेश नको म्हणत असताना ‘देवीचं आहे’ असं दटावून त्यालाही खाऊ घातला होता.

“आबा, तुम्हाला माहीत होतं?”

“नियम जिवंत पुरुषाचा आहे, यशोदा. मी नियमाबाहेर गेलो नाही.”

“आणि ह्यांची मूठ?”

“धनसिंगची... नियमाप्रमाणे ती थांबवावी लागली.”

म्हणजे त्या श्रावणात बोरसे भाऊकीनं एका माणसाला रोटातून काढलं होतं, आणि तो मेलेला होता.

सगळ्यात आधी भडकला तो नीलेश. “हे काय आहे? मी तीन दिवस तिथं रडलो! मी माफ करणार होतो त्यांना! आज, इथं, सगळ्यांसमोर! आणि तुम्ही सोळा वर्षांपूर्वीच करून बसलात? मला न विचारता?”

“तुला कोणी काही नाकारलेलं नाही. तूही कर.”

“आता काय करू? उरलंय काय करायला?”

“अरे, उलट सोपं झालं,” आबा म्हणाले. संकटात मार्ग काढण्याची त्यांची ख्याती होती आणि मार्ग त्यांना दिसला होता. “शांतपणे विचार करा. सोळा वर्षं आपण सगळे पंडितच्या मुठीचा रोट खात आलो. यशोदानं मळला, यशोदानं खाल्ला. कानबाईनं गोड मानून घेतला. याचा अर्थ काय? क्षमा झालेलीच आहे. आज फक्त ती कळवण्यात येत आहे. यशोदा, तू नुसतं ‘हो’ म्हण. मी निवेदनात एक ओळ वाढवतो.”

भिंतीकडेला बसलेल्या पुरुषांच्या माना हलू लागल्या. ज्यांना सकाळपासून यशोदाबाईंच्या नजरेला नजर देता येत नव्हती, त्यांना हा मुद्दा फार पटला. गुन्हा आपोआप घडला होता, माफीही आपोआप घडली होती. कोणालाच काही करावं लागलं नव्हतं.

आबांचा फोन वाजला. चक्कीवाला होता. सोनार भाऊकी येऊन उभी आहे, असं तो म्हणाला. अकरा पस्तीस झाले होते.

“पंडितला बोलवा आत,” आबा म्हणाले.

*

पंडित आत आला आणि दाराशीच उभा राहिला. सगळ्यांच्या आठवणीत तो बेचाळीस वर्षांचा, मानेचा जाड आणि आवाजाचा मोठा होता. हा वेगळाच कोणी तरी होता. आत येताना त्यानं चौकटीला हात लावला नाही, दार कोणी उघडून धरण्याची वाट पाहिली. ही सवय कुठली, ते प्रत्येकाला कळलं.

“ये, ये. बस,” आबा म्हणाले. “पंडित, भाऊकीनं तुला उदार—”

“आबा, माले बाहेर बठ्ठं ऐकू ई ऱ्हायनं व्हतं.”

“मग चांगलंच झालं. वहिनीच्या पाया पड आणि मूठ घेऊ दे.”

पंडित हलला नाही.

“मी धनसिंगले मारं,” तो म्हणाला. सांगण्याचा सूर असा होता की जणू हजेरी चालू आहे आणि त्याचा नंबर आला आहे. “तो मोटर बंद करी ऱ्हायना व्हता. मनाकडे पाठ व्हती त्यानी. कोर्टमा मी सांगं, तो मना आंगवर धाई उना. ते खोटं शे. पाठ व्हती.”

नीलेशनं काढलेला फोन हळूच खिशात गेला.

“हे आता कशाला?” आबा म्हणाले. “झालं गेलं—”

“माले कोनी इचारं नही, माफी पाहिजे का म्हनीसन. मी सांगस. मना नावनी मूठ लेऊ नका.”

“काय?”

“जेलमा दरसाल कानबाई उनी का माले वाटे, आज घर रोट व्हई ऱ्हायनात, त्यामा मी नही. ते बरं वाटे. माले वाटे, चला, येक जागा तं शे जठे मी नही.” त्यानं बायकोकडे पाहिलं. रागानं नाही. “ते बी खोटं निंघनं.”

लताबाईंच्या हातातला गहू चादरीवर सांडला. त्यांनी सोळा वर्षं ज्या मुठीवर नवऱ्याला जिवंत ठेवलं होतं ती त्याला नको होती, आणि हे त्यानं सगळ्या भाऊकीसमोर सांगितलं होतं. त्या उठल्या नाहीत. उठून जायला त्यांना दुसरं घर नव्हतं.

आणि मग जे झालं ते खुनाच्या वेळीही या भाऊकीत झालं नव्हतं. सगळे एकदम उभे राहिले.

“कानबाईची मूठ नाकारतो?” आबांचा आवाज या वेळी न ठरवता कापला. “देवीची? माजलास? तुझ्यासाठी मी एवढं लिहून काढलं, एकेकाची मनधरणी केली, आणि तू नको म्हणतोस?”

“यासाठी बोलावलं होतं का याला?” भिंतीकडचा एक जण ओरडला.

“भाऊकीचा अपमान आहे हा!”

“बाहेर!” आबा म्हणाले. “आजपासून तू भाऊकीतून बाहेर. तुझं तोंड बघणार नाही कोणी!”

“वा रे वा,” चिंधा मुरमुऱ्याची वाटी बाजूला ठेवत म्हणाला. “खून कया तं सोळा साल आत. मूठ नको म्हने तं पाच मिन्टमा बाहेर.”

“तू गप रे!”

“मी गपच शे. मन्हं काय जास.”

पंडित वळला. चपलांपर्यंत पोचला.

“थांब,” यशोदाबाई म्हणाल्या.

तो थांबला. बाकीचेही थांबले, कारण या बाईचा मोठा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता.

“तो बाहेर जाणार नाही. आबा, खाली बसा तुम्ही. बीपी आहे तुम्हाला.”

“यशोदा, तुला कळतंय का? म्हणजे तू याला माफ—”

“नाही केलं. करीन असं वाटतही नाही. हे मी सोळा वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.”

“मग बाहेरच जाऊ दे ना त्याला, आई,” नीलेश म्हणाला.

“बाहेर गेला की तो आपला कोण? बाहेरच्याला मी माफ केलं काय आणि नाही केलं काय. धुळ्याच्या बाजारात हजार माणसं फिरतात, मी त्यातल्या कोणालाच माफ केलेलं नाही. त्यांना त्याचं काही आहे का?” त्यांनी नीलेशकडे नीट पाहिलं. “मला नाही म्हणायचंय, बाबा. नाही म्हणायला माणूस समोर लागतो. घरातला लागतो.”

कामिनीनं सासूकडे पाहिलं आणि बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

यशोदाबाई पंडितकडे वळल्या. त्याच्याशी त्या मळ्यातल्या अहिराणीतच बोलल्या, ज्या भाषेत लग्न होऊन आल्यावर त्यांनी या दिराला पहिल्यांदा जेवायला वाढलं होतं.

“तुले मूठ नको, कारन तुले ते सोपं शे. लांब बसीसन जीवले खात ऱ्हावानं. मी सोळा साल तुना गहू न समजता खादा. आते तू समजीसन खा. रविवारले ये. मना समोर बस. मी वाढसू.”

“आनि मंग, वयनी?”

“मंग काही नही. पुढला साल परत ये.”

“किती साल?”

“मी शे तवलोंग.”

पंडित दाराजवळ, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला. कोर्टानं त्याला जन्मठेप दिली होती तेव्हाही तो असाच बसला होता, असं चिंधानं नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं. चिंधा त्या दिवशी कोर्टात नव्हता.

“निवेदनाचं काय करू?” आबांनी विचारलं. कागद त्यांच्या हातात होताच.

“ठेवा. रविवारी वाचा. पण त्यात नावं घाला, आबा. कोणी मारलं आणि कोणाला मारलं. बाकी उदार अंतःकरण वगैरे तुमचं राहू द्या.”

मग त्यांनी परातीपलीकडे हात पुढे केला. लताबाईंना वाटलं मीठ मागताहेत. मीठ तिथे नव्हतं.

“सरक,” यशोदाबाई म्हणाल्या. “यंदा मी टाकते.”

लताबाई सरकल्या, पण उठल्या नाहीत. परात दोघींच्या मध्ये आली. बारा वाजायला तेरा मिनिटं होती.

मूठ टाकायला लागल्यावर मध्ये कोणी बोलायचं नाही. बोललं तर पहिल्यापासून मोजावं लागतं. हा नियम आबांनीच घालून दिलेला होता, पोरंटोरं गडबड करतात म्हणून. यशोदाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि गव्हात हात घातला. नावं त्यांनी मोठ्यानं घेतली. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही ऐकू जातील इतक्या मोठ्यानं.

“चुडामण.” सव्वा मूठ.

“चिंधा.” सव्वा मूठ.

नावामागून नाव, मुठीमागून मूठ. प्रत्येक जण आपलं नाव ऐकून किंचित ताठ बसत होता आणि पुढच्याचं ऐकून सैल होत होता.

“नीलेश. धनसिंगचा मुलगा.” सव्वा मूठ.

आबांनी मान वर केली.

“पंडित. धनसिंगला मारणारा.” सव्वा मूठ. त्याच हातानं, तितकीच, एक दाणा कमी नाही. पंडितनं डोळे मिटले नाहीत.

आबांचं तोंड उघडलं. अकरा एकोणपन्नास झाले होते. ते मिटलं.

“रुद्रांश. धनसिंगचा नातू.”

शेवटची मूठ परातीत पडली. मेलेल्या माणसाचं नाव मुठीत घ्यायचं नाही, असा या घरात नियम होता. यशोदाबाईंनी धनसिंगचं नाव तीनदा घेतलं होतं आणि त्याच्या नावाची मूठ एकदाही टाकली नव्हती. मुठी बरोबर एकोणीस होत्या. नियम नेमका कुठे मोडला, बोट कुठे ठेवावं हे आबांना सापडेपर्यंत लताबाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं आणि यशोदाबाई त्यात गहू ओतत होत्या.